मधेच थांबणारा ठेका

त्या दुपारी पोलीस ठाण्यातल्या टेबलावर वाजलेला ठेका अजून माझ्या कानात आहे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी अमळनेरला हवालदार होतो. आठवीत शाळा सुटलेला, मालवणकडचा माणूस. खानदेशात ओळखीचं कुणी नाही. काही चुकलं तर नोकरी जाईल, ही धास्ती कायम पोटात. आमच्या निरीक्षक साहेबांनी मात्र विश्वास टाकला, चौकशीची कामं दिली. त्यांचे उपकार आहेत.

गावात संगीत महोत्सव होता. संध्याकाळी हिप हॉपवाले, म्हणजे ठेक्यावर भराभर बोलत गाणारे, येणार होते. एक जोडी गावातल्याच दोन मावसभावांची, दुसरी धुळ्याची. दुपारी मावसभाऊ धावत ठाण्यात आले. धाकट्याच्या नव्या गाण्याच्या ठेक्याची कॅसेट मंडपातून चोरीला गेली होती. दुसरी प्रत नव्हती. ती मिळाली नाही तर त्याला मंचावर चढताच येणार नव्हतं.

पानटपरीवाल्याने खबर दिली : धुळ्याची पोरं धाकट्याच्या पिशवीजवळ दिसली. दोघांना आणून बाकावर बसवलं. तोवर गावातली पोरं ठाण्याबाहेर जमून "आमच्या ताब्यात द्या" ओरडू लागली. साहेब त्यांना आवरायला बाहेर गेले. जाताना मला म्हणाले, "चौकशी तू कर. हात उचलायचा नाही."

झडतीत धुळ्याच्या पोरांकडे त्यांची स्वतःचीच कॅसेट निघाली. "त्यानी कॅसेट लिसन आम्ही काय करसूत, भाऊ?" एकजण रडवेला होऊन म्हणाला.

"तुमले आमनासारखं वाजाडता येत नही म्हनीसन!" थोरला मावसभाऊ त्याच्यावर खेकसला.

महोत्सवाचं पत्रक मी पाहिलं होतं. त्यावर धाकट्याचा फोटो मोठा, थोरला त्याच्या खांद्यामागे. सहज थोरल्याला विचारलं, "गाणं कसं आहे?"

"माले काय माहीत? हाऊ एकलाच जळगावले जाईसन कॅसेटमा ठेका भरी उना. माले ऐकाडंच नही."

फिर्यादीत मुद्देमालाचं वर्णन लागतं. मी धाकट्याला म्हटलं, "कॅसेटमध्ये काय होतं, वाजवून दाखव." तो टेबलावर बोटांनी ठेका धरून गाऊ लागला. रंगात आला आणि एकदम थांबला. हातही थांबले. संपलं समजून धुळ्याच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, आमच्या ठाणे अंमलदाराने पेन उचललं. थोरल्याचा पाय मात्र फरशीवर हलतच होता. मग त्याने मान झटकली, अन् नेमका त्याच क्षणी धाकट्याचा हात पुन्हा टेबलावर पडला.

मी थोरल्याला विचारलं, "इथे थांबून पुन्हा सुरू होतं, हे तुला कसं कळलं?"

त्याचा चेहरा उतरला. ढगळ्या पँटच्या खिशातून त्याने कॅसेट काढली.

"भाऊ, कसाले लिधी?" धाकट्याने विचारलं.

"बठ्ठा लोके तुनंच नाव लेतस. फेकाले गऊ, पन त्याना पहिले ऐकी लिधी. मंग फेकाले हात नही उना. गानं भारी शे."

धाकट्याने फिर्याद दिली नाही. साहेबांनी समज देऊन सगळ्यांना सोडलं, धुळ्याच्या पोरांना चहा पाजून मंडपापर्यंत पोहोचवलं. संध्याकाळी ठेका थांबला तेव्हा धाकट्याने माईक थोरल्यापुढे धरला.

मत्सरी माणूस चाहत्यापेक्षाही कान देऊन ऐकतो, हे त्या दिवशी शिकलो. पुढे अनेक तपासांत कामी आलं.

कार्यक्रमानंतर मी मंडपाच्या दाराशी होतो. ते दोघे एकमेकांना अहिराणीत शिव्या घालत, एकाच सायकलवर घरी निघाले. मला त्यांचा फार हेवा वाटला. मालवणीत मला शिवी घालणारं त्या मुलखात कुणीच नव्हतं.