नळापाशी लावलेला स्क्रीन

चाकणला आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये सूचनांसाठी स्क्रीन लावायचा होता. मोठ्या भिंतीवर मोठाच्या मोठा, असं मी ठरवूनही टाकलं होतं. पण माप घ्यायला आलेल्या गृहस्थानं टेप काढलाच नाही. ताट वाढून घेतलं आणि कामगारांमध्ये जेवायला बसला. मधेच चष्मा काढून भिंतीकडे बघायचा, पुन्हा आमटी ओरपायचा. जेवून हात धुवायच्या रांगेत लागला आणि तिथूनच मला हाक मारली.

"साहेब, त्या भिंतीवर खिडकीचं ऊन येतंय, काय दिसायचं न्हाई. आन् जेवताना माणूस ताटात बघतो. हितं नळापाशी समदी थांबत्यात. हितं बारका स्क्रीन बास हाय."

मिशीला आमटीचा थेंब तसाच होता. हात पुसत त्यानं सहज विचारलं, "तुमी कुठल्या बाकावर बसता जेवायला?"

नऊ वर्षं मी केबिनमध्येच डबा खात होतो. मी उगाच बाकांकडे बघितलं. त्यानं हसून टेप काढला.

स्क्रीनवरच्या सूचना मीच लिहितो. हल्ली त्याच रांगेत उभा राहून त्या वाचत राहतो, आणि मागून कुणीतरी म्हणतं, "साहेब, सरका की पुढं!"