बशीएवढा गिलावा

लग्नाला दोन महिने झाले होते. सांगलीत आम्हाला भाड्याची खोली मिळाली, तेव्हा मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "माझ्या भिंतीत खिळा ठोकायचा न्हाई." पाच दिवसांसाठी त्या यजमानांबरोबर लेकीकडे तासगावला गेल्या आणि मी लगेच लग्नाच्या फोटोसाठी खिळा ठोकला. बशीएवढा गिलावा धप्पकन खाली आला.

धावत कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात गेले. तिथले म्हातारे रंगारी हसले. "रडताय कशाला, ताई? भोक आधी भिजवा. प्लास्टर दोन थरांत भरा, एकदम भरलं की तडकतंय. वाळल्यावर पॉलिश पेपर ठोकळ्याला गुंडाळून घासा. पण लय दाबू नका."

नवरा म्हणाला, "आल्या की सरळ सांगून टाकू." मी ऐकलं नाही. एक दिवस एक थर, दुसऱ्या दिवशी दुसरा. तिसऱ्या दिवशी ओबडधोबड टेंगूळ तयार! ठोकळा गोल गोल फिरवू लागले. पांढरी पूड नाकात, पापण्यांवर, पोलक्यावर. मधेच टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा उजेड पाडायचा, सावली दिसेल तिथे पुन्हा घासायचं. कडा हळूहळू भिंतीत मिसळत गेल्या. डोळे मिटून तळवा फिरवला, तर जोड कुठे आहे ते मलाच कळेना! मी एकटीच खोलीत टाळ्या पिटल्या. वरून नीळ घातलेल्या चुन्याचा हात दिला.

चौथ्या दिवशी पुन्हा एकदा तळवा फिरवून बघत होते, तोच मालकीणबाई दारात. एक दिवस आधीच!

"भिंतीशी काय करतीस गं?"

मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा लावला, भिंत चाचपली, पुन्हा चाचपली.

"कुठं पडलं हुतं?"

मी बोट ठेवलं. त्या माझं मनगट धरून मला स्वतःच्या स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि कॅलेंडर बाजूला सारलं. मागे माझ्या खोलीतल्याच्या दुप्पट भोक!

"फळी काढताना माझ्याच हातनं झालंय," त्या कुजबुजल्या. "आमच्या मालकांस्नी अजून ठावं न्हाई. ते मागनं सांच्याला येतील. प्लास्टर उरलंय का?"

त्यांची प्रवासाची पिशवी तशीच माझ्या उंबऱ्यात होती. ती ओलांडून मी प्लास्टर आणायला पळाले.