मधल्या वर्तुळातली उडी

तुम्ही पाहता त्या बास्केटबॉलमध्ये एका बाजूने बास्केट केली की चेंडू लगेच दुसऱ्या बाजूला मिळतो. आमच्या काळी तसे नव्हते. प्रत्येक बास्केटनंतर चेंडू मधल्या वर्तुळात आणत, पंच तो वर उडवी आणि दोन्हीकडचे उंच गडी त्यासाठी उडी मारत. तुमचे आजोबा त्यांतले एक. किन्हीराजा गावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा नागपूरच्या एका गिरणीने आपल्या संघात केवळ त्या उडीसाठी ठेवून घेतला. नाव कारकुनाचे, काम मैदानावरचे.

मग नियम बदलला. मधली उडी जवळजवळ गेली, नुसती धावपळ उरली. वर्षानुवर्षे जमिनीवर आदळून यांचा उजवा गुडघा कामातून गेला होता. मी रोज एरंडाची पाने गरम करून बांधत असे. उडी अजून जमे, धावणे जमत नसे. संघातून नाव गेले. पाठोपाठ नोकरीही जाणार हे कळल्यावर मी मॅनेजरसाहेबांना भेटले. इंग्रजी मला येत होते, म्हणून मीच. यांना खरोखरचा कारकून करा, एवढेच मागितले. साहेबांनी खुर्ची दिली, सारे ऐकून घेतले आणि इतक्या वर्षांत हे कचेरीतले कोणते काम शिकले, असे शांतपणे विचारले. मी नमस्कार करून खुर्चीवरून उठले.

आम्ही किन्हीराजाला परतलो. हे रोज सकाळी अंगणातल्या निंबाच्या फांदीकडे उड्या मारत आणि लंगडत घरात येत. एकदा सासूबाई म्हणाल्या, "कायले उड्या मारून राह्यला रे बाप्पा? वरून का भाकर पडते?"

"नियम बदलला तसा पुन्ना बदलन, माय. बलावनं आलं तर?"

पुढे एके सकाळी त्यांनी चिंध्यांचा चेंडू बांधून माझ्या हाती दिला आणि पंचासारखा उडवायला सांगितले. मी उडवला. त्यांचे पाय जमिनीवरून जेमतेम सुटले. पुन्हा उडवला, पुन्हा तेच. मग मी तो मुद्दाम कमी उंच टाकला. तो अलगद त्यांच्या हातात आला.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "पंच असा नाही टाकत," एवढेच म्हणाले.

चेंडू त्यांनी घरात नेऊन आढ्याजवळच्या फळीवर ठेवला. तिथवर दुसऱ्या कोणाचा हात पोहोचत नव्हता. दुसऱ्या सकाळी मी अंगणात उभी राहिले. ते घरात भिंतीकडे तोंड करून पडून होते, जागे.