चहाच्या आधी माझी कॉफी

लग्न होऊन अंजूरला आले तेव्हापासून सकाळचा चहा मीच करत आले. सासूबाईंचा बिनसाखरेचा, नवऱ्याचा आलं घातलेला, आणि सगळ्यांचं झालं की उरलासुरला माझा. मला चहा कधी आवडलाच नाही. पण विचारलं कोणी?

मग गोडाऊनच्या ऑफिसात नोकरी लागली. तिथं कर्नाटकातल्या एक बाई होत्या, त्यांनी मला घरची कॉफी पाजली. त्यांच्याकडूनच पुडी मागून घेतली आणि घरी सांगून टाकलं, उद्यापासून मी कॉफी पिणार.

"आपल्यात कॉफी कोन पितो?" सासूबाई म्हणाल्या. "असलं आपल्या घरात न्हाय."

"मी पिते."

नवऱ्यानं मोबाईल पुढे केला. "मशीन मागवू. बटण दाबलं की झालं."

"आणि ते धुणार कोण?"

त्यानं मोबाईल खिशात टाकला.

निजामपुऱ्याच्या बाजारातून कॉफी गाळायला कोऱ्या सुती कापडाचा तुकडा आणला. पहिल्या दिवशी कॉफीला कापडाच्या खळीचीच चव. सगळी मोरीत ओतली. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग ते कापड साबण न लावता दोनदा उकळलं. पातेल्यात नुकतंच उकळलेलं पाणी, दोन चमचे पूड, वर झाकण, चार मिनिटं थांबायचं आणि गाळायचं. बस, एवढंच. तिसऱ्या दिवशी अशी जमली, की उभ्यानंच अख्खा कप संपवला.

खरं भांडण पुढेच झालं.

"चहा टाकलास का गं?"

"आधी माझी कॉफी होऊ दे."

"म्हंजे आमी वाट बघत बसायचं?"

"इतकी वर्षं मी बसलेच ना, आई."

दोन दिवस त्या माझ्याकडे पाठ करूनच चहा प्यायल्या. नवरा हळूच म्हणाला, "आईचा तरी आधी करत जा."

"शेगडीला दोन बर्नर आहेत," मी म्हटलं. "दुसरा मोकळाच असतो."

तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच चहा टाकला. आलं भरमसाट, आईच्या कपात साखर. सासूबाईंनी एक घोट घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः उठल्या, माझं पातेलं जरा बाजूला सरकवलं आणि आपला चहा ठेवला.

माझ्या कपाला त्या अजूनही काळं पानी म्हणतात. म्हणू देत.