मूक नटाचे एजवेअरमधले वकील

एका अमेरिकन नटाच्या अपमानापायी भरल्या ताटावरून उठणारा माणूस साऱ्या इंग्लंडात एकच होता, आणि तो एजवेअरला आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. काका मुंबईचे बेने इस्रायली. मूकपटांच्या दिवसांत थिएटरात पडद्याखाली बसून पेटी वाजवायचे. त्या नटाचा चेहरा बघून सूर धरायचे, त्यामुळे त्याचं अख्खं आयुष्य त्यांना घरच्या माणसाच्या आयुष्यासारखं पाठ. सर्कशीत घोडे सांभाळणारा पोरगा सिनेमात आला, राजासारखा जगला. मग बोलपट आले, आवाज चिरका ठरला आणि कंपनीने त्याला हाकललं. पुढे म्हणे पेट्रोल पंप चालवला. "आवाज मागितला होता कुणी? गप्प राहून त्याने लोकांना रडवलं. तुम्ही एवढं बोलता, कुणाला रडवलंत?" हा सवाल त्यांनी आमच्या ह्यांना, दूधवाल्याला आणि एकदा बस कंडक्टरलाही केला होता.

तो नट वारला तेव्हा पेपरात दोन ओळी आल्या, त्याही 'विनोदी नट' म्हणून. काका जेवता जेवता उठले. "विनोदी? दॅट मॅन नेव्हर मेड अ जोक इन हिज लाइफ!"

रविवारी दुपारी टीव्हीवर त्याचा सिनेमा लागणार होता. काकांनी आम्हा सगळ्यांना वर बोलावलं, टाय बांधला, टीव्हीचा आवाज बंद केला आणि पेटी पुढ्यात ओढली. त्याला नीट निरोप द्यायचा होता. "लढाईला जाताना तो आईला भेटतो, दारात वळून बघतो. तिथे अख्खं थिएटर रडायचं. बघाच तुम्ही."

चित्र सुरू झालं आणि सगळी माणसं गांधीलमाशा मागे लागल्यासारखी पळू लागली. जुने सिनेमे नव्या यंत्रावर असेच धावतात म्हणे. इंग्लंडातच वाढलेली माझी मुलगी तिच्या मोडक्या मराठीत बोलत हसून लोळली. "आई, तो माणूस का पळते?"

"पळत नाही तो, पळवतायत त्याला!" काका गरजले. मलाही संताप आला. मेलेल्या माणसाला त्याच्या चालीने चालू देता येत नसेल, तर दाखवता कशाला?

निरोपाचा प्रसंग आला. काकांनी संथ सूर धरला, आणि पहिली ओळ संपायच्या आत नट आईला मिठी मारून दाराबाहेर गेलासुद्धा. पडद्यावर तोफा उडू लागल्या तरी काका निरोपच वाजवत राहिले. मुलगी हसायची थांबली.

पेटी मिटून काका म्हणाले, "वळला नाही तो."

"वळला होता हो," काकू हळूच म्हणाल्या. "मी बघितलं ना."

काकू सगळा वेळ काकांकडेच बघत होत्या.