लंगडी कुठं ऱ्हायली

१९९६. मार्च महिन्यातला एक रविवार, सकाळची वेळ. सांगली, विलासच्या घराची मागची खोली.

हजर: विलास – माझा मित्र, कुपवाडला विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा, संध्याकाळी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. त्याची बायको शैलावहिनी. माझी बायको मंगल. मंगलचे वडील अण्णा. तिचा धाकटा भाऊ दीपक. आणि मी.

गैरहजर: माझी आई. तिला बोलावलं नव्हतं. बोलवायला हवं, असं मला सुचलंसुद्धा नव्हतं.

त्या सकाळी काय वाजलं, कोण किती हसलं, हे या सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतरच्या आठवड्यात काय झालं ते फक्त मला माहीत आहे. मंगलला नाही, मुलांना नाही. मी सगळ्याची नोंद ठेवणारा माणूस आहे – गॅसचा नंबर कधी लावला, टाकी कधी धुतली, कुणाच्या लग्नात काय दिलं. हे मात्र कुठंच लिहिलं नाही. आज तुम्हाला सांगतो आहे. का, ते विचारू नका. मलाच नीट माहीत नाही.

आधी विलासचं सांगतो.

त्यानं एक कॅसेट केली होती. कंपनी नाही, पैसेवाला नाही, गायकही नाही. मुंबईहून आणलेला जुना कीबोर्ड, एक रिदम मशीन आणि चार ट्रॅकचा रेकॉर्डर, एवढ्यावर घरातल्या मागच्या खोलीत, खिडक्यांना गोधड्या लावून. इलेक्ट्रॉनिक संगीत, असं तो म्हणायचा. ऑर्केस्ट्रातली पोरं विचारायची, म्हणजे गाणं कुठं आहे त्यात? तो म्हणायचा, ऐका की आधी.

एकही तुकडा दुसऱ्यासारखा नव्हता. एकात कुपवाडच्या प्रेसमशीनचा ठोका, त्यावर बासरीसारखा सूर. एकात सातारा स्टँडवरची गाड्यांची घोषणा, उलटी-सुलटी करून. एक साखर कारखान्याच्या भोंग्यावरचा, लांबत जाणारा. एक सरळ नाचायचा, गणपतीत लावावा असा. कॅसेटचं नाव ‘सरमिसळ’. लोकांनी नावं ठेवली. मला ते आवडलं होतं. खरंच आवडलं होतं, हे लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला ते पटणार नाही.

बाकीची व्यवस्था माझ्याकडे होती. कव्हर छापणारा शोधायचा, साताऱ्यात प्रती काढून देणाऱ्याशी बोलायचं, दुकानदारांची यादी करायची. विलासला यातलं काही जमत नसे आणि मला याशिवाय काही जमत नसे. अशी आमची जोडी.

तर त्या रविवारी त्यानं पहिल्यांदा सगळी कॅसेट सलग ऐकवली. शैलावहिनींनी पोहे केले होते. अण्णा खुर्चीत, बाकीचे सतरंजीवर. भोंग्याचा तुकडा संपला, थोडा वेळ नुसती खरखर, आणि मग –

मग माझी आई बोलायला लागली.

‘चांदी आली. तांबडी आली. मुंडी आली. काळी आली, तिचं प्वॉर आलं. लंगडी कुठं ऱ्हायली?’

माझं गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून आत. घरी शेरडं होती. संध्याकाळी ती काटेरी कुंपणाच्या वाड्यात शिरताना आई दाराशी उभी राहून एकेकीचं नाव घ्यायची. लिहिता येत नव्हतं तिला, ही तिची हजेरी. विलासनं त्या नावांच्या चालीवर ताल बसवला होता. धनगरांच्या गजीनाचातल्या ढोलासारखा – आधी संथ, मग चढत जाणारा. आणि शेवटचा प्रश्न त्यानं पुन्हापुन्हा घेतला होता. लंगडी कुठं ऱ्हायली? लंगडी कुठं ऱ्हायली? दर वेळी खाली वेगळा सूर, की एकदा ती चिडलेली वाटावी, एकदा घाबरलेली, एकदा अगदी एकटी.

दीपक पहिल्यांदा हसला. मग मंगल. हसणं वाईट नव्हतं, आज मला कळतं. पण अण्णा म्हणाले, “तुमच्या आई तर चांगल्या ठसक्यात बोलतात की. लग्नात आम्हाला वाटलं होतं, बाई अबोल आहेत.”

ती अबोल नव्हती. लग्नाच्या आदल्या दिवशी मीच तिला सांगितलं होतं – सांगलीची माणसं आहेत, तू फार बोलू नकोस. ती बोलली नाही. दोन दिवस मांडवात नुसती मान हलवत बसली, आणि सगळ्यांनी माझ्याजवळ तिचं कौतुक केलं, किती शांत आहेत म्हणून. मी ते कौतुक घेतलं. घरी शेती आहे, एवढंच मी सासरी सांगितलं होतं. खोटं कुठं होतं? शेती होतीच. शेरडांचं कुणी विचारलं नव्हतं.

विलासला हे माहीत होतं? लग्नाचं नाही. पण मी गावाबद्दल बोलत नाही, एवढं त्याला नक्की कळत होतं. दिवाळीत मी त्याला एकदा गावी नेलं होतं – मी नेलेला तो एकच मित्र. परतीच्या गाडीची चौकशी करायला मी फाट्यावर गेलो, तेवढ्यात यानं हे घेतलं असणार. माझ्या घरात बसून, माझ्या पाठीमागं. मी त्याला जिन्यात गाठलं आणि विचारलं. तो हसतच होता अजून.

“चोरून न्हाई रं घेतलं,” तो म्हणाला. “आईच म्हणाल्या, घे. वर म्हणाल्या, आमच्या बाळूला सांगू नगंस, त्यो न्हाई म्हनंल.”

हे मला जास्त लागलं. दोघांनी मिळून केलं होतं. माझ्या आईनं, जिच्यासाठी मी दर महिन्याला औषधांचं पुडकं करून पाठवायचो, आणि या माणसानं, ज्याच्यासाठी मी दुकानं पालथी घालत होतो. दोघांना ठाऊक होतं मी नाही म्हणेन. मग विचारायचंच नाही? आणि मी नाही का म्हणेन, हेही त्यांना ठाऊक होतं का? त्यावर ते बोलले असतील का, शेरडांच्या मुताच्या वासात, माझ्या गैरहजेरीत? ते मनातून जाईना. त्याच संध्याकाळी घरी आलो तर दीपक दारातच. किराणा दुकानातून यायला मला उशीर झाला होता. म्हणाला, “काय दाजी, लंगडी कुठं ऱ्हायली?” सगळे पुन्हा हसले. मीही हसलो.

आता सांगायची गोष्ट.

कॅसेटच्या पाठीवर दोन छोट्या खाचा असायच्या, हे तुम्हाला आठवत असेल. रेकॉर्डिंग पुसलं जाऊ नये म्हणून तिथली प्लॅस्टिकची पट्टी मोडून टाकायची. मग बटण दाबलं जात नाही. विलासनं दोन्ही मोडल्या होत्या. म्हणजे ती कॅसेट चुकून पुसली जाणं शक्य नव्हतं. खाचेवर चिकटपट्टी लावली तरच ती पुन्हा रेकॉर्ड होते. हे त्या काळी शाळेतल्या पोरालाही माहीत होतं.

विलासकडे दुसरी प्रत नव्हती. चार ट्रॅकच्या कॅसेटी महाग, त्यामुळं पुरा झालेला तुकडा या कॅसेटवर उतरवला की रेकॉर्डरातल्या कॅसेटवर तो पुढचा घ्यायचा. गावातल्या मूळ रेकॉर्डिंगचंही तेच झालं होतं. होतं ते सगळं त्या एका कॅसेटवर. मला हे माहीत होतं. या बेफिकिरीवरून मीच त्याला बोलत असे.

त्या आठवड्यात एका दुपारी मी त्याच्या घरी गेलो. विलास कामावर. कव्हरवर प्रत्येक तुकड्याची लांबी छापायची आहे, ती घड्याळ लावून मोजतो, असं शैलावहिनींना सांगितलं. त्यांनी चहा दिला आणि त्या शेजारी गेल्या. मी आईचा तुकडा एकदा पूर्ण ऐकला. मग बॅगेतली चिकटपट्टी काढली – मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळायचो, लेबलं लावायला ती कायम जवळ असायची. खाचेवर लावली. मागं नेलं. रेकॉर्डचं बटण दाबलं.

रागाच्या भरात केलं, असं म्हणू का? राग चार-साडेचार मिनिटं टिकतो, पण तो इतका नीट नसतो. फक्त तेवढाच तुकडा गेला तर संशय येईल, म्हणून मी भोंग्याच्या तुकड्याचं शेपूट पुसलं आणि पुढच्याची सुरुवातही थोडी खाल्ली. अस्ताव्यस्त दिसावं म्हणून. मग पट्टी काढली, बोटाला गुंडाळून खिशात टाकली. कॅसेट होती तिथं न ठेवता मोठ्या स्पीकरवर ठेवली, आणि शेजारी जाऊन वहिनींना सांगितलं, झालं माझं.

दोन दिवसांनी विलासनं मला बोलावून घेतलं. खाचा मोडलेल्या, म्हणजे कुणी रेकॉर्ड केलेलं नाही. मग आवाज गेला कुठं? मी म्हणालो, स्पीकरचं लोहचुंबक. वर ठेवली होती का कुणी? वहिनी म्हणाल्या, मी झाडताना ठेवली असेल. त्यांना आठवत नव्हतं, पण त्या रोज झाडत होत्या, म्हणून त्यांनी मान्य केलं. मोटारींच्या माणसाला हे पटायला नको होतं. चुंबक काय करतं, काय करत नाही, हे त्याला माझ्याहून कळत होतं. पण त्याला पटलं. दुसरं काही मानायचं तर खोलीत गेलेला दुसरा माणूस मी होतो.

वहिनी पुढं त्या खोलीत कधी झाडायला गेल्या नाहीत. विलासच झाडायचा.

इथं थांबलो असतो तरी पुरे होतं. नाही का? पण विलास आठवड्यानं म्हणाला, “गड्या, आईंकडनं परत घेऊ. मी येतो गावाला. त्या तुकड्याशिवाय बाकीचं नुसतं कारखान्याचं आवाज हाय बघ.” मी म्हणालो, विचारून सांगतो. गावी जाऊन आलो आणि त्याला सांगितलं, आई नको म्हणते. तुझ्या घरी सगळे तिला हसले, ते तिला कळलं. वाईट वाटलंय तिला.

त्याचा चेहरा पडला. कुणी सांगितलं त्यांना, असंही त्यानं विचारलं नाही. नंतर म्हणाला, मग ऱ्हाऊ दे. कॅसेट निघाली नाही. मी छापखान्याला आणि साताऱ्याला नाही म्हणून कळवलं, तेवढं काम चोख केलं. त्यानंतर, येणार नाही हे ओळखूनच मी कितीदा म्हटलं, पण विलास माझ्या गावाला आला नाही. तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणायचा. काही वर्षांनी त्यानं कीबोर्डही विकला.

आईला मी खरंच भेटलो होतो त्या वेळी. तिनंच विषय काढला. चुलीपुढं बसली होती. “इलासचं गानं आलं का रं?” मी सांगितलं, मशीन बिघडलं, तुझा आवाज गेला. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं, मग हसली.

“जाऊ दे की. शेरडं हायती अजून. परत घे म्हनावं त्याला, मी हाय. आवंदा लंगडीबी येळंवर येतीया.”

मी म्हणालो, सांगतो.

पुढं दोन-तीनदा तिनं विचारलं. विलासला वेळ नाही, मी म्हणालो. मग विचारायची थांबली. शहरातली माणसं घरी येतात, गोड बोलतात आणि विसरून जातात, असं तिनं मनाशी ठरवलं असावं. दुष्काळात शेरडं विकली आणि ती आमच्याकडे सांगलीला आली. ती असेतो विलास त्याच लाजेनं आमच्या दारात आला नाही. इथं ती फारशी बोलली नाही. तेव्हा मी तिला गप्प बस म्हटलं नव्हतं, म्हणायची गरज उरली नव्हती. मुलं म्हणायची, आजी किती शांत आहे.

ती गेली त्या दिवशी विलास आला होता. अंगणात चपलांपाशीच उभा राहिला, आत येईना. मी बाहेर गेलो तर म्हणाला, “माझ्यावर रागावूनच गेल्या का रं?” आजूबाजूला माणसं होती, तिरडीचं सामान यायचं होतं, ते आलं का हे मला बघायचं होतं. मी म्हणालो, “नाही रे.” आणि बघायला गेलो.

तिचा आवाज आता कुठंच नाही. फोटो आहेत.

विलास अजून त्याच घरात राहतो, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. सकाळी दुधाच्या रांगेत भेटतो. शैलावहिनींचे गुडघे दुखतात. मी अजूनही रोज दिवसाची कामं लिहून काढतो आणि संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळी पुरी होतात. आईनं विलाससाठी निरोप दिला होता – परत घे म्हनावं, मी हाय. तो निरोप अजून द्यायचा आहे.