कोण कुणाशी बोलतंय, तेच कळंना

दुकानात किस्से साठतात ते कानातल्या मळासारखे. रोज थोडेथोडे, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि एक दिवस डोकं गच्च होऊन जातं. मग कुणालातरी सांगून मोकळं व्हावं लागतं. आज तुम्ही सापडलात!

मी सोलापुरात सात रस्त्याजवळ कानाच्या मशीनच्या दुकानात काउंटरला बसते. आत केबिनमध्ये देशमाने सर. कान तपासायचे, मशीन बसवायचं, हे काम त्यांचं. बाहेर मी आणि शबाना. पूर्वी आमचं काम सोपं होतं. ज्याला ऐकू येत नाही तो यायचा, आम्ही ओरडून बोलायचो, भागायचं. आता ज्यांना ठणठणीत ऐकू येतं तेसुद्धा कानात काहीतरी घालून फिरतात. त्यामुळे कुणाला ऐकू येत नाही आणि कोण ऐकतच नाही, हे ओळखायचं कसं?

*

एकदा दुपारी एक माणूस आत आला. दोन्ही कानांत पांढरं काहीतरी. दारातूनच म्हणाला, "कुठं हायेस?"

मी म्हटलं, "हितंच की!"

"जेवलीस का?"

मला जरा नवल वाटलं. पण गिऱ्हाईक आपुलकीनं विचारतंय, तर कशाला तोडा? म्हटलं, "व्हय, आत्ताच जेवले."

"मग रडतीस कशाला?"

मी शबानाकडे बघितलं. शबानानं खुर्ची पुढं ओढून माझ्या डोळ्यांत निरखून बघितलं, खरंच रडतेय की काय!

तेवढ्यात त्या माणसानं कानावर बोट दाबलं आणि म्हणाला, "थांब गं जरा. हितं एक बाई लई मधीमधी बोलायलीय!"

*

मध्यंतरी कुणीतरी सरांच्या डोक्यात भरवलं, की फोनवर आपोआप बोलणारी बाई बसवून घ्या. स्टाफचा वेळ वाचतो. बसवली. "नवीन मशीनसाठी एक दाबा, दुरुस्तीसाठी दोन दाबा." फार गोड बोलायची. पण तिला फोन करणारे सगळे कमी ऐकू येणारे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

एक दिवस बार्शीकडचे आजोबा तणतणत दुकानात आले. "तुमची ती फोनवरची बाई लई उद्धट हाय!"

सर केबिनमधून बाहेर आले. "काय झालं आजोबा?"

"म्हनली, दोन दाबा. दाबले की! दोनी कान गच्च दाबून बसलो. मग फुडं काय बोलली, मला कसं ऐकू येणार?"

सरांनी समजावलं, "आजोबा, कान नाही हो, फोनवरचं बटण."

"मग तसं म्हनायचं की तिनं! आनि मी इच्यारलं, कंचं दाबू, तर उत्तर देईना. आपलंच तेच तेच."

सरांनी त्याच दिवशी ती बाई काढून टाकली. दुसऱ्या दिवशी फोन वाजला, शबानानं उचलला आणि जीव ओतून म्हणाली, "हॅलो, नमस्कार, बोला!"

पलीकडून एक बाई घाबरत म्हणाली, "आता कंचं दाबू?"

*

आमचाही दुकानाचा ग्रुप आहे. सर केबिनमध्ये, आम्ही बाहेर, मधे एक काचेचं दार. हाक मारली तर ऐकू येते. तरी सगळं ग्रुपवर.

शबानानं ईदच्या दुसऱ्या दिवसाची सुट्टी मागितली. सरांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. बस, एवढंच. शब्द नाही.

शबाना मला म्हणाली, "इसका मतलब क्या रे?"

मी म्हटलं, "हात जोडतो बाई, सुट्टी मागू नको, असं असेल."

मीही त्या दिवशी भाच्याच्या बारशाला जाणार होते, ते मी आधीच सांगून ठेवलेलं. शबाना बिचारी घरातली पाहुणेमंडळी सोडून, नवीन ड्रेस बदलून दुकानावर आली. तर शटर बंद! पायरीवर बसून तिनं सरांना फोन लावला. सर गावाला निघालेले. म्हणाले, "अगं, तुम्ही दोघी नाही म्हणून मीपण सुट्टी घेतली. तुला हो म्हटलं होतं की!"

शबाना म्हणाली, "हात जोडके?"

सर म्हणाले, "ईदच्या शुभेच्छा होत्या त्या!"

*

सरांना टाइप करायचा कंटाळा. फोनपुढं बोलतात, फोन लिहितो. काय लिहिलं ते वाचत नाहीत, पाठवून मोकळे.

कुंभारीचे मल्लय्यामामा नवीन मशीन घेऊन गेले. घरी मामींना सवय, कान दुखला की तेल सोडायचं. मशीन खराब होईल म्हणून सरांनी शनिवारी फोनपुढं तोंड नेऊन बजावलं, "कानात तेल घालू नका." तेवढ्यात बाहेरून बस गेली, का फोनला झोप लागली, देव जाणे. फोननं लिहिलं, "कानात तेल घालू का?"

मामींचं उत्तर आलं, "घाला की. कवा येताय?"

सरांना वाटलं, या अजून हट्ट धरून बसल्यात. त्यांनी परत फोनपुढं बोलून पाठवलं, "मी एकदा सांगितलं ना!" हे मात्र फोननं अचूक लिहिलं.

रविवारी दुपारी सरांच्या घरी फोन. मामी काकुळतीला आलेल्या. "सर, तेल दोनदा कोमट करून झालं. मामा सकाळपासून एका कुशीवर पडून हायेत. तुमी येईस्तोवर जरा उठू देऊ का त्यांना?"

*

आता मोडनिंबच्या नानांचं सांगते. हे त्यांनी स्वतः, या खुर्चीत बसून सांगितलंय.

नानांचं मशीन नवीन पद्धतीचं. ब्लूटूथवर फोनला जोडलेलं. फोन खिशात असतो, आवाज थेट कानात. नानांना बटण सापडायचं नाही, म्हणून सरांनी फोन आपोआप उचलला जाईल असं करून दिलं. नाना खूश! पुण्याच्या पोराशी म्हशीला वैरण टाकता टाकता बोलायचे.

त्यांचे जिवलग मित्र बापू वारले. दहाव्याला सगळा गाव ओढ्याकाठी जमला. पिंड मांडलेला. कावळे झाडावर बसलेले, पण एक खाली उतरेना. बापूंची कसली इच्छा राहिली म्हणून लोक कुजबुजायला लागले. कुणी म्हणालं, नातवाचं लग्न बघायचं होतं. कुणी म्हणालं, बोअरचं काम राहिलं. शेवटी सगळे गप्प. पान पडलं तरी ऐकू यावं इतकी शांतता. नाना पिंडाकडे बघत हात जोडून उभे.

आणि पुण्याहून पोराचा फोन आला. थेट कानात.

नाना मोठ्यानं म्हणाले, "हां, बोल की."

सगळ्या माना वळल्या.

"आमी बरे हाय. तू बरा हायस न्हवं? ... जेवलास का? ... आरं, तितं थंडी असंल, अंगावर घेत जा."

भटजींनी घाईनं हात जोडले. मागच्या दोघातिघांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. बापूंच्या बायकोनं, काकींनी, पदर तोंडाला लावला आणि हळूच पुढं येऊन विचारलं, "नाना, काय म्हणत्यात हो?"

नानांना वाटलं, काकी पोराची चौकशी करतेय. ते म्हणाले, "दिवाळीला येतो म्हणतंय."

आणि तेवढ्यात कावळा शिवला!

*

प्रतीक्षा आमची जुनी पेशंट. लहानपणापासून ऐकू येत नाही, मशीननं थोडंफार. पण पोरगी हुशार, बँकेत नोकरीला. फोनमध्ये तिनं एक अ‍ॅप घेतलंय. समोरचा जे बोलतो ते पडद्यावर अक्षरांत उमटतं. फोन टेबलावर ठेवला की झालं, ती वाचून उत्तर देते.

तिला बघायला पाहुणे आले. जयभीम झाला, चहा झाला. प्रतीक्षानं फोन टीपॉयवर ठेवला आणि हसून बसली. मुलाच्या आईनं विचारलं, "किती शिकलीस बाळा?" प्रतीक्षानं वाचलं, उत्तर दिलं. "स्वयंपाक येतो का?" वाचलं, उत्तर दिलं. मुलगा तर भारावून बघत होता. तोपर्यंत सगळं छान.

मग मुलाची आई शेजारच्या मावशीकडे झुकली, बशी तोंडापुढं धरली आणि हळू आवाजात बोलली. टीपॉय तिच्या गुडघ्याला टेकलेलं. प्रतीक्षाच्या आईवडिलांना एक शब्द ऐकू आला नाही. पण पडद्यावर अक्षरं उमटायला लागली: "पगारासाठी करून घेऊ. घरात बोललेलं हिला कुठं कळणार आहे?"

प्रतीक्षानं ते दोनदा वाचलं. मला सांगताना म्हणाली, "ताई, वाटलं, वाचलंच नाही असं करावं." पण तिनं फोन उचलला, पडदा त्या बाईंकडे फिरवला आणि शांतपणे म्हणाली,

"काकू, बहिरी मी आहे. फोन नाही."

*

आणि हे शेवटचं. परवाचंच.

जुळे सोलापूर भागातला अमोल त्याच्या आईला घेऊन आला. महिन्याभरापूर्वी काकूंना आम्हीच मशीन दिलेलं. त्याआधी काकूंना जवळजवळ काहीच ऐकू यायचं नाही. अमोलचा चेहरा उतरलेला.

"सर, मशीन बघता का जरा? आईला भास व्हायला लागलेत. संध्याकाळी स्वयंपाकघरात एकटीच कुणाशीतरी बोलते. माझ्या बायकोनं स्वतः बघितलंय. मानसोपचाराच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, पण म्हटलं, त्याआधी मशीन तपासावं."

काकू मान खाली घालून पदराचं टोक गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "मला काही झालेलं नाही. मशीन चांगलं आहे. चल घरी."

तेवढ्यात अमोलचा फोन वाजला. त्यानं उचलला. "हॅलो? हॅलो?" वैतागून ठेवून दिला. "हे बघा, आणि हा फोन! ऑफिसात नीट चालतो. घरी गेलं की समोरच्याचा आवाज बंद. दुरुस्तीला देऊन झाला, ते म्हणतात काही बिघाड नाही. आता हितंपण तसंच!"

सर थांबले. "मशीनचं अ‍ॅप कुणाच्या फोनवर घेतलंय?"

"माझ्याच. आईकडे साधा बटणाचा फोन आहे."

सर मला म्हणाले, "बाहेर जाऊन यांना फोन लाव आणि काहीतरी बोल." मी पायरीवर जाऊन फोन लावला आणि विचारलं, "काकू, चहा घेणार का?"

आत अमोल हॅलो हॅलो करत होता. आणि काकू म्हणाल्या, "नको गं, आत्ताच झाला."

मी परत आत आले तेव्हा सर त्याला समजावत होते. मशीन त्याच्याच फोनला जोडलेलं, म्हणून अमोल जवळ असला की त्याचे फोन आईच्या कानात जातात. त्याला ऐकू येत नाही, त्यांना येतं. आईला कसलाही भास नाही, डॉक्टरांची गरज नाही. अमोल एकदम मोकळं हसला. आईच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, मग सांगायचं नाही का?"

आणि हसता हसता थांबला. "म्हणजे... घरी आलेले सगळे फोन तू ऐकलेस?"

काकूंनी पदराचं टोक परत गुंडाळायला घेतलं.

"कुणाकुणाचे ऐकलेस आई?"

"सुजूचा," काकू म्हणाल्या.

अमोल खुर्चीत बसला. सरांकडे बघून म्हणाला, "माझी बहीण. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं. बाबांनी सांगितलं, घरात तिचं नाव काढायचं नाही. कुणी काढलं नाही." मग आईकडे वळला. "बाबा संध्याकाळी फिरायला गेले की ती मला फोन करते. मी तुझ्यासमोर उभं राहून बोलायचो गं. तुला ऐकू यायचं नाही, म्हणून..."

"माहितीय," काकू म्हणाल्या. "मशीन लावून आले त्याच संध्याकाळी कानात आवाज आला, 'दादा, आई कशी आहे रे?' हातातली पोळी तव्यावर तशीच जळाली. तू आपला हॅलो हॅलो करून ठेवून दिलास. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग मीच सांगते तिला, बरी आहे गं, तुझं सांग. तिला ऐकू जात नाही, तेवढं कळतं मला. पण विचारते ती, तर सांगायला नको?"

शबाना दारात उभी होती, ती ओढणीनं डोळे पुसायला लागली. सरांनी अमोलचा फोन हातात घेतला. "एका मिनिटात जोडणी काढून टाकतो. मग तुमचे फोन तुम्हालाच ऐकू येतील."

काकूंनी सरांच्या हातावर हात ठेवला. "राहू दे."

"अगं आई," अमोल म्हणाला, "मग मला काहीच ऐकू येणार नाही!"

"तू इतकी वर्षं ऐकलंस की," काकू म्हणाल्या. "आता मला ऐकू दे."